ॲलिस कोल्ट्रेनची भजनं: हे खरं भजन आहे की नुसती त्या काळची फॅशन?

रात्रपाळी_नाशिक

नमस्कार मंडळी. जॅझ मी कधी ठरवून ऐकलेलं नाही, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक वाटला तर समजून घ्या. माझी नोकरी रात्रपाळीची आहे आणि दोन-अडीचनंतर जरा शांत झालं की मी कानाला हेडफोन लावून नुसता तानपुरा लावून बसते, तासाभराचा ट्रॅक असतो ना तो. मागच्या आठवड्यात तो संपला आणि पुढचं आपोआप सुरू झालं, सुरुवातीला पुन्हा तानपुराच म्हणून लक्षातच आलं नाही, मग खाली बासचा एक तुकडा यायला लागला, तोच तोच, गोल गोल, आणि त्यावर कुणीतरी स्वरमंडल छेडल्यासारखं पण स्वरमंडलाच्या दसपट मोठं काहीतरी, आणि मग सॅक्सोफोन. मी हातातलं काम ठेवलं आणि नुसती ऐकत बसले. नाव बघितलं तर 'जर्नी इन सच्चिदानंद', ॲलिस कोल्ट्रेन, १९७१. त्याच अल्बममध्ये एका तुकड्याचं नाव चक्क 'स्टॉपओव्हर बॉम्बे' आहे!

मग शोधत गेले तर याच बाईंचं 'जगदीश्वर' म्हणून एक सापडलं, नुसता आवाज आणि ऑर्गनसारखं काहीतरी, इतकं सावकाश की एका शब्दाला अख्खा श्वास. ते त्या रात्रीत मी चार वेळा ऐकलं.

भावाला पाठवलं तर तो म्हणाला, त्या काळात सगळ्या गोऱ्यांना आपलं अध्यात्म हवं होतं, सतार अगरबत्ती वगैरे, हे त्यातलंच. मला ते पटत नाहीये पण उत्तरही देता येत नाहीये. विचारण्यामागे कारण आहे. आई पंधरा-सोळा वर्षं आमच्या कॉलनीच्या भजनी मंडळात होती. बाबा गेले त्याला आता आठ महिने होतील, तेव्हापासून ती गेली नाही, घरी पण गुणगुणत नाही. मला तिला हे ऐकवावंसं वाटतंय पण आईला खोटं काही ऐकवायचं नाहीये मला. तर कोण होत्या या, आणि ऐकवायचं तर कुठून सुरुवात करू?

खर्ज

रात्रपाळी ताई, तुमच्या भावाला आधी हे सांगा की ॲलिस कोल्ट्रेन गोऱ्या नव्हत्या. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय घरातल्या. माहेरचं नाव ॲलिस मॅक्लाउड, जन्म २७ ऑगस्ट १९३७, आई चर्चच्या कॉयरमध्ये गायची आणि ॲलिसने लहानपणापासून चर्चमध्येच ऑर्गन आणि पियानो वाजवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं इथूनच निघतं. देवासाठी वाजवायचं आणि समोर बसलेल्या पन्नास-शंभर माणसांनी टाळ्या वाजवत ते उचलून धरायचं, हे त्यांना भारतात येऊन शिकावं लागलं नाही, ते लहानपणीच हाताला बसलेलं होतं.

सावत्र भाऊ अर्नी फॅरो जॅझमध्ये बास वाजवायचा, त्याच्यामुळे त्या या बाजूला आल्या. पॅरिसला जाऊन जॅझ पियानोवादक बड पॉवेलकडे शिकल्या, मग टेरी गिब्सच्या ग्रुपमध्ये पियानोला होत्या आणि १९६३ साली तिथेच जॉन कोल्ट्रेनशी भेट झाली. १९६५ मध्ये लग्न. जॉन म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा सॅक्सोफोनवाला, हेरॉइनच्या व्यसनातून १९५७ साली बाहेर पडला आणि तेव्हापासून देवाचं देणं फेडतोय अशा भावनेने वाजवणारा माणूस. डिसेंबर १९६४ ला त्याने 'अ लव्ह सुप्रीम' रेकॉर्ड केलं त्याच्या शेवटच्या भागात तो स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सवर शब्द-शब्द धरून वाजवतो, तोंडाने एक अक्षर नाही. रविशंकरांवर एवढा जीव की दुसऱ्या मुलाचं नाव रवी ठेवलं. घरात गीता, योगावरची पुस्तकं, वेगवेगळ्या धर्मांचं वाचन, सगळं दोघं मिळून करत होते.

आणि मग १७ जुलै १९६७ ला जॉन गेला. लिव्हरचा कॅन्सर, वय ४०. ॲलिस अजून तिशीच्याही झाल्या नव्हत्या. पदरात चार लेकरं, पहिल्या लग्नाची मुलगी आणि तीन मुलगे, धाकटा तर काही महिन्यांचा.

यानंतरची दोन-तीन वर्षं फार भयंकर आहेत. झोप उडाली, वजन ११८ पौंडांवरून ९५ वर आलं, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम ४३ किलो. नाही नाही ते दिसायचं, ऐकू यायचं. त्यांनी स्वतः पुढे या काळाला 'तपस' म्हटलंय, हाच शब्द, संस्कृत. जॉनने त्यांच्यासाठी एक मोठा हार्प मागवून ठेवला होता आणि तो घरी पोचला जॉन गेल्यानंतर. तुम्ही ज्याला मोठं स्वरमंडल म्हणालात ना तो हाच हार्प. तुम्ही एकदा हे डोळ्यासमोर आणून बघा, नवरा नाही आणि दारात त्याने मागवलेलं माणसापेक्षा उंच वाद्य. आधी वाजवत नव्हत्या, नंतर शिकल्या आणि तेच वाद्य त्यांची ओळख झालं.

स्वामी सच्चिदानंद त्यांना याच काळात भेटले, तेच जे १९६९ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या सुरुवातीला बोलले होते. तुम्ही ऐकलेला अल्बम बराचसा नोव्हेंबर १९७० मध्ये लाँग आयलंडवरच्या त्यांच्या घरातल्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला, तानपुऱ्यावर तुलसी नावाची वादक, बासवर सेसिल मॅकबी, सॅक्सवर फॅरो सँडर्स. आणि त्यानंतर लगेच डिसेंबरमध्ये स्वामींबरोबर भारत आणि श्रीलंकेचा पाच आठवड्यांचा प्रवास ठरलेला होता, 'स्टॉपओव्हर बॉम्बे' हे नाव त्यावरून. म्हणजे तो तुकडा मुंबई बघून आल्यावरचा नाही, मुंबईच्या वाटेकडे डोळे लावून केलेला आहे. मला तो म्हणून जास्त आवडतो.

रेकॉर्डवाला_पुणे

खर्ज यांनी छान लिहिलंय पण दुसरी बाजू पण यायला हवी. मी पस्तीस वर्षं जॅझच्या एलपी जमवतोय आणि बरीच वर्षं ॲलिसबाईंच्या विरोधात होतो हे मान्य करतो. आम्हा जॅझवाल्यांचा राग दोन गोष्टींचा. एक, १९६५ च्या अखेरीस जॉनच्या बँडमधून मकॉय टायनरसारखा पियानोवाला बाहेर पडला आणि त्या जागी बायको आली. दुसरी जास्त गंभीर. १९७२ ला 'इन्फिनिटी' म्हणून अल्बम आला, त्यात त्यांनी जॉनच्या जुन्या रेकॉर्डिंगवर नंतर व्हायोलिनं वगैरे चढवली. गेलेल्या माणसाच्या वाजवण्यावर परत रंग दिला असं तेव्हा लोक म्हणाले आणि मला अजूनही तो अल्बम पटत नाही. एखाद्याने भीमसेनजींच्या जुन्या मैफलीच्या टेपवर मागून ऑर्केस्ट्रा टाकला तर आपल्याला कसं वाटेल.

मकॉयच्या बाबतीत मात्र मी चुकलो होतो. तो गेला कारण संगीत त्याला हव्या त्या दिशेने जात नव्हतं, ॲलिसने त्याला घालवलं नाही. आणि जॉनला त्या वेळी जे हवं होतं, म्हणजे ठेका सैल, सम कुठे आहे ते कळू नये, नुसता प्रवाह, ते ॲलिसच देऊ शकत होत्या. मकॉयचा पियानो खांबासारखा उभा असतो, ॲलिसचा पाण्यासारखा खालून वाहतो. हे कळायला मला वीस वर्षं लागली.

फॅशनच्या मुद्द्यावर एकच सांगतो. १९७८ पर्यंत मोठ्या कंपन्यांसाठी अल्बम आले, आणि मग बंद. पूर्ण बंद! पुढचा व्यावसायिक अल्बम थेट २००४ मध्ये, तो पण मुलगा रवी मागे लागला म्हणून. मधली पंचवीसेक वर्षं त्या काय करत होत्या तर भजनं. आश्रमातल्या लोकांसाठी कॅसेट काढायच्या, चारच निघाल्या, १९८२, १९८७, १९९० आणि १९९५. जॅझच्या दुकानात त्या मिळायच्या नाहीत, आम्हाला पत्ताच नव्हता. ज्याला फॅशन करायची असते तो माणूस फॅशन जोरात असताना दुकान बंद करून डोंगरात जाऊन बसत नाही.

पेटीवाले_काका_मिरज

मी भजनात पेटी धरतो, चाळीस वर्षं झाली. जॅझ वगैरे माझा प्रांत नाही. नातवाने हा धागा दाखवला आणि ती 'जगदीश्वर' वाली कॅसेट पूर्ण लावून दिली म्हणून लिहितोय. रात्रपाळी बाळ, तू विचारलंस हे खरं भजन आहे का, तर मी कानाने ऐकलं तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे बाई वरच्या सुरात जातच नाही. आपल्याकडे भजनात गायक चढला की लोकांना आवडतं, टाळी पडते. ही खाली खाली राहते, मंद्रात, जवळजवळ पुरुषाचा आवाज वाटावा इतकं. ठेका नाही, पखवाज नाही, टाळ नाही. पेटी (ती विजेची असावी) सुद्धा स्वरामागून येत नाही, नुसते तीन-चार सूर एकत्र दाबून धरलेले आणि ते हळूच बदलतात. हे आपलं नव्हे. आपण एक सूर धरतो, हे लोक सुरांचा गठ्ठा धरतात आणि तो गठ्ठा बदलला की मन बदलतं. सुरुवातीला मला खटकलं. तिसऱ्या पदाला खटकायचं थांबलं.

उच्चार म्हणाल तर थोडे इकडचे तिकडे आहेत. पण शब्द टाकत नाही, एकही नाम घाईने उरकत नाही. आमच्याकडे काही बुवा आहेत, नावं घेत नाही, 'गोविंद हरी' असं म्हणतात जसं काही रेल्वेचं स्टेशन चुकेल. ही बाई 'गोविंद' म्हटल्यावर थांबते. थांबल्यावर पुढचं 'हरी' येतं ते आपल्याला हवंसं झालेलं असतं. नामस्मरणात हेच अवघड असतं, बाकी चाल कुणीही बसवतो.

दुसरं, नातवाने नंतरच्या एका कॅसेटमधलं 'हरी नारायण' लावलं, त्यात मागे मंडळी आहेत. ते मात्र मला लगेच घरचं वाटलं!! बाई एक ओळ टाकते, मागचे उचलतात, टाळ्या सुरू, मग लय थोडी चढते, परत थोडी चढते, आपला गजर नाही का चढत तसाच. फरक एवढाच की टाळी आपल्यासारखी समेवर पडत नाही, उलट्या मात्रेवर पडते, दोन आणि चार वर. नातू म्हणाला आजोबा ही त्यांच्या चर्चची टाळी. म्हणजे शब्द वृंदावनचे आणि टाळी तिच्या गावची. मला यात खोटं काय ते दिसत नाही. आपल्या गवळणी तरी कुठे एका चालीत राहिल्या, ज्या गावात गेल्या त्या गावची लावणीची नाहीतर ओवीची चाल घेऊन उभ्या राहिल्या.

मिरजेत राहतो म्हणून तानपुऱ्याबद्दल एक सांगतो. तू आधी ऐकलेल्यात तानपुरा आहे तो जवारी फार न खोललेला, जरा बुजलेला वाटतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये तो मागे न ठेवता पुढे ठेवलाय. आपण तानपुरा ऐकू येतो पण ऐकत नाही. त्यांनी तो ऐकायला लावलाय. मला आवडलं ते.

खर्ज

काका, उलट्या मात्रेवरची टाळी, बरोब्बर पकडलंत तुम्ही! १९७७ च्या 'ट्रान्सेन्डन्स' मध्ये 'भज गोविंदम्' आणि 'श्री नृसिंह' आहेत त्यात हे अजून स्पष्ट आहे, डोळे मिटून ऐकलं तर डेट्रॉइटच्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना चाललीय आणि शब्द मात्र संस्कृत.

एक भर घालतो, हार्पवर मींड काढता येत नाही, तार छेडली की सूर तिथेच राहतो. पियानोचंही तेच. म्हणून असेल कदाचित, पण आश्रमाच्या कॅसेटमध्ये त्या सिंथेसायझरकडे वळल्या, ओबरहाइमचा, त्यावर सूर वाकवता येतो. गाण्याच्या मध्येच एक आवाज खालून वर सरकत जातो, विमान उडाल्यासारखा, तो तोच. काहींना त्याने दचकायला होतं. मला त्यात मींडेची तहान ऐकू येते.

आणि ताई, तुम्ही ऐकलेलं नुसत्या आवाजाचं 'जगदीश्वर' हे १९८२ च्या कॅसेटवरचं नाही. मूळ कॅसेटवर व्हायोलिनं, सिंथ सगळं चढवलेलं आहे. नंतर २००४ च्या सुमारास रवीला त्याच रेकॉर्डिंगची एक टेप सापडली ज्यात फक्त आईचा आवाज आणि वुर्लिट्झर ऑर्गन होता, ती २०२१ मध्ये आली. रेकॉर्डवाले साहेब, ज्या बाईंनी नवऱ्याच्या टेपवर व्हायोलिनं चढवली त्यांच्याच टेपवरची व्हायोलिनं मुलाने उतरवून ठेवली.

रेकॉर्डवाला_पुणे

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आज संध्याकाळी दोन्ही लागोपाठ लावून ऐकतो.

कॅलाबासस_मराठी

लिहू की नको करत होतो. मी लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला राहतो, अगोरा हिल्सपासून पंधरा मिनिटांवर. ॲलिस कोल्ट्रेन, म्हणजे आश्रमातलं नाव स्वामिनी तुरीयासंगीतानंद, यांचा आश्रम तिथेच होता. १९८३ मध्ये ४८ एकर जागा घेऊन उभा केला, आधी शांती अनंतम, मग त्या पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांच्या भक्त असल्यामुळे साई अनंतम. रविवारी भजन असायचं, त्या स्वतः ऑर्गनवर बसायच्या.

आणि मी काय केलं तर २००१ पासून दर शनिवार-रविवार मुलांना गाडीत घालून कॅलाबाससच्या बालाजी मंदिरात नेलं, इडली-सांबार खाल्लं, परत आलो. पुढच्याच डोंगरात काय चाललंय याची मला कल्पना नव्हती. त्या १२ जानेवारी २००७ ला गेल्या. तेव्हाही मला माहीत नव्हतं. मला कळलं ते २०१८ मध्ये, आणि कसं कळलं ते सांगतो.

नोव्हेंबर २०१८ ला आमच्या भागात वूल्सी फायर नावाचा मोठा वणवा लागला. ९ तारखेला पहाटे फोन एकदम कर्कश वाजला, घर सोडा असा अलर्ट. बाहेर बघितलं तर १०१ फ्रीवेच्या वर आकाश नारिंगी, आणि पाऊस पडावा तशी राख, गाडीच्या काचेवर बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. बायकोने पासपोर्टची फाइल घेतली, मी देव्हाऱ्यातला गणपती आणि आईचं समईचं जोड पंच्यात गुंडाळलं, मुलीने मांजर. तीन दिवस एका ओळखीच्यांकडे हॉलमध्ये गाद्या टाकून राहिलो. आमचं घर वाचलं. तिथे बसून कुठे काय जळलं ते फोनवर वाचत होतो त्यात एक ओळ होती की ॲलिस कोल्ट्रेन यांचा आश्रमही जळाला. मी बायकोला विचारलं, अगं हे कुठे होतं? तिलाही माहीत नव्हतं.

त्या रात्री त्या हॉलमध्ये सगळे झोपल्यावर मी पहिल्यांदा ती कॅसेटवरची भजनं ऐकली, २०१७ ला त्यातली निवडक पुन्हा निघाली होती. 'ओम शांती' लागलं. सतरा वर्षं मी पंधरा मिनिटांवर होतो आणि रविवारी मोकळा होतो, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

भावाच्या फॅशनच्या मुद्द्यावर मला एवढंच म्हणायचंय की ताई, आपण मंदिरात जातो ते बऱ्याचदा आपली माणसं भेटतात म्हणून जातो, मी तरी तसाच जायचो. या बाईंना यातलं काही आयतं मिळालेलं नव्हतं. एकेक नाम त्यांनी मुद्दाम जवळ केलेलं आहे.

पेटीवाले_काका_मिरज

कॅलाबासस दादा, गणपती घेतलात ते बरं केलंत. आता गेली ती जागा. कॅसेट आहे ना, ती ऐका.

रात्रपाळी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हा धागा पाठवलाय, त्याने अजून वाचलेला दिसत नाही.

काल सुट्टी होती. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती, मी काही न सांगता फोन डब्यांच्या फडताळावर ठेवला आणि त्या २०२१ वाल्यातलं 'जगदीश्वर' लावलं. ती काही बोलली नाही. दुसरं सुरू झालं, तिसरं झालं. मग म्हणाली, "ही एकटीच गातेय का गं? मागे कुणी धरत नाहीये तिचं." मी म्हटलं हो, एकटीच. म्हणाली, "झोप नसेल हो झालेली हिची." मी तिला तोवर एक शब्द सांगितला नव्हता, ना नवऱ्याचं, ना वजनाचं, ना झोपेचं! मला एकदम भरून आलं, मी सिंककडे तोंड करून भांडी विसळायला घेतली.

मग सांगितलं सगळं. चार मुलं म्हटल्यावर तिने धाकटा केवढा होता ते विचारलं. हार्प नंतर घरी आला हे ऐकल्यावर बराच वेळ नुसत्या काड्या बाजूला करत राहिली. बाबांनी जाण्याआधी तिच्यासाठी ऑर्डर केलेला मिक्सर आमच्याकडे तेराव्यानंतर चार दिवसांनी आला होता, तो अजून खोक्यात आहे.

काकांनी सांगितलेलं 'हरी नारायण' पण लावलं. टाळीशी तिचं जमेना, दोनदा चुकली आणि मग म्हणाली ही टाळी उलटी आहे, आणि हात मेथीत ठेवूनच बोटाने ताटाच्या काठावर ती उलटी मात्रा धरली. गायली वगैरे नाही. मंडळात जाणार असंही काही म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही.

आज सकाळी मात्र मी ड्युटीवरून आल्यावर आई म्हणाली की त्यातलं 'यमुना तीर विहारी' परत लाव. ते ऐकून झाल्यावर पेटीवरचं कापड काढलं, भाता जरा हलवून बघितला, दोन पट्ट्या अडकल्यात. तर काका, ते कुठल्या पट्टीत आहे हे सांगाल का? आणि अडकलेल्या पट्ट्यांसाठी पेटी दुकानात न्यावी लागेल की घरी काही करता येतं?